वरून पाणी घालायचं न्हाई

मला धीर म्हणून न्हाई. दूध तापायला ठेवलं तर दहादा झाकण काढून बघते, भाकरी तव्यावर पडली की माझी बोटं तिच्या कडेखाली. नवरा म्हणतो, कांता, तू आईच्या पोटातूनबी बाहेर डोकावत असशील. म्हणू द्या. पण शहाण्णव सालच्या नवरात्रात माझ्या जिवाची जी तगमग झाली, तशी ना आधी झाली ना नंतर.

आमचं घर टेंभुर्णीचं. सासरे रखमाजी, सासू चतुराबाई, माझा नवरा काकासाहेब, मी आणि धाकटी जाऊ नंदा. नंदाचा नवरा, म्हणजे माझा दीर साहेबराव, गव्हाला पाणी देताना मोटारीचा शॉक लागून गेल्ता. त्याला दोन वर्षं होत आल्ती. नंदाला लेकरू न्हाई. वय माझ्या सगळ्यात धाकट्या बहिणीएवढं. सकाळी उठायची, कामाला लागायची, कोणी काही बोललं तर हसायची. आपण होऊन कधी बोलायची न्हाई. घरात असं हसणारं माणूस बघवत न्हाई, खरं सांगते.

पोळा झाला आणि वाटूरहून तिच्यासाठी स्थळ आलं. धर्मराज नाव. बायको बाळंतपणात गेलेली, फाट्यावर पिठाची गिरणी, घरी म्हातारी आई. माझ्या नवऱ्यानं चौकशी केल्ती, माणूस चांगला निघाला. मी म्हणलं, द्या, जल्दी द्या, लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. पण आमच्या भावकीत बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावत न्हाईत. चुलत सासरे कडूबा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "रखमाजी, आपल्या घरातली सून दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली, असं आजवर झालं न्हाई."

सासरे कमी बोलणारे. त्यांनी सासूकडं बघितलं. सासू तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "देवीला विचारू. यंदाचा घट वीतभर उगवला तर नंदा जाईल. न्हाई उगवला तर विषय बंद."

"बराबर हाय," कडूबा म्हणाले. "देवीपुढं आपण कोण?"

मला असा राग आला म्हणून सांगते. जित्या बाईचं काय करायचं ते मूठभर गव्हाला विचारणार. मी त्या रात्रीच्या सगळ्या भाकरी करपवल्या. सगळ्यांनी गुपचूप खाल्ल्या.

घट बसवायच्या दिवशी सासूनं वावरातली काळी माती आणली, चाळली, पत्रावळीवर पसरली. तीत गहू, जवारी, हरभरा, करडई टाकले आणि मधोमध कुंभाराकडचा नवा घट पाण्यानं भरून ठेवला. दिवा लावला. मंग दरवर्षी सांगते तेच तिनं सांगितलं. हे कुठल्या पोथीत न्हाई, तिच्या माहेरचं आहे. देवीशी लढता लढता राक्षस हरायला आला, तेव्हा तो एका दाण्यात शिरला आणि मातीत लपला. देवी म्हणाली, लप बाबा, मी बी येते. तीही त्याच्यामागं मातीखाली गेली. नऊ दिवस खाली लढाई चालते. वर जे कोंब दिसतात ते तिच्या भाल्यांचे शेंडे.

"म्हणून उकरून बघायचं न्हाई," सासू म्हणाली. "आन् वरून पाणी घालायचं न्हाई. नवा घट आपसूक पाझरतो. देवीला तेवढं बास."

हे बोलताना ती माझ्याकडंच बघत होती.

नंदाला देवघरात यायची मुभा नव्हती. ती विधवा, तिनं घटाला शिवायचं न्हाई. पण माळा मात्र तिनंच करायच्या, कारण तिच्यासारखी माळ गावात कोणाच्या हातून होत न्हाई. पहिली माळ तरवडाची. तरवड माळरानावर उगवतो, त्याला शेळीसुद्धा तोंड लावत न्हाई, म्हणून त्याचं फूल देवीपर्यंत शाबूत पोचतं, असं आमच्याकडं म्हणतात. दुसरी कारळ्याच्या पिवळ्या फुलांची. पुढच्या दिवशी तिनं जवारीच्या हिरव्या पात्यांची वेणी घालून तीत कुर्डूचे तुरे असे खोवले, की शेजारची झुंबरबाई नुसती माळ बघायला आली. रोज काहीतरी नवं. पहाटे बांधाबांधानं हिंडून पदरात फुलं घेऊन यायची, ओसरीवर बसून माळ करायची आणि उंबऱ्याबाहेरून माझ्या हातात द्यायची. मी ती घटावर टांगायची.

"अगं, किती भिजवती माळ?" मी एकदा डाफरले. "माझं लुगडं ओलं झालं."

"फुलं सुकतात, अक्का," ती म्हणाली.

तिसऱ्या माळेला आमच्या घटात दरवर्षी हिरवी टोकं दिसतात. त्या वर्षी काहीच न्हाई. माती काळीभोर, सपाट. झुंबरबाईचा घट बघून आले, तिच्याकडं बोटाएवढे कोंब. घरी आले आणि मला काही सुचेना. केर काढलेल्या जागेवर पुन्हा केर काढला. गोठ्यात गेले, परत आले. शेवटी घरात कोणी न्हाई बघून तांब्या पदराखाली घेतला आणि घटाच्या मातीवर ओतला, थोडंच. मनात म्हणलं, आई, मला माफ कर, पण तू जरा हात चालव.

चौथ्या माळेला काही न्हाई. मी पुन्हा तांब्या घेतला. सकाळी घातलं, दुपारी घातलं. चुलीपुढं बसले की वाटायचं, आत्ता उगवलं असेल. उठून बघायची. न्हाई. परत बसायची, परत उठायची. नवरा म्हणाला, "तुझ्या पायात काय भिंगरी बांधली का?" मी म्हणलं, "तुम्ही वावरात जा."

पाचव्या दिवशी माझा तोल गेला. झुंबरबाई बसलेली, सासू दिव्यात तेल घालत होती, आणि मी सगळ्यांदेखत म्हणलं, "आत्याबाई, खरं सांगा, गहू भाजून पेरला का तुम्ही?"

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. सासूचा हात थांबला. तिचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं बरं झालं, वर्मी लागलं. ती एवढंच म्हणाली, "कांता, तेलाचा डबा आण." त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींशी बोललो न्हाई. नंदा हे सगळं ओसरीवरून ऐकत होती. तिनं मान खाली घातली आणि गोकर्णीची फुलं दोऱ्यात ओवत राह्यली.

सातव्या माळेच्या दुपारी पुरुष माणसं वावरात होती. मी तांब्या घेऊन देवघराकडं गेले तर आतून वास आला. आंबूस, कुजकट वास. दार लोटलं. सासू घटापुढं उकिडवी बसून पळीपळीनं मातीत पाणी घालत होती.

"आत्याबाई."

ती दचकली, पळी सांडली. मंग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुझ्या पदराखाली काय हाय?"

मी तांब्या बाहेर काढला. काय करणार? आम्ही दोघी एकमेकींच्या हाताकडं बघत राह्यलो.

"मला वाटलं, घट उगवू नये असं तुमच्या मनात हाय," मी म्हणलं.

"माझ्या?" सासू म्हणाली. "अगं, माझा घट आजवर वितीच्या खाली आला न्हाई. म्हणून तर देवीचं नाव पुढं केलं. कडूबा भावजींचं तोंड दुसऱ्या कशानं बंद झालं असतं? देवी हो म्हणल, आपण गप बसू, पोरगी मोकळी होईल. तिसऱ्या माळेला कोंब दिसंना तव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई. आन् तू म्हणती भाजून पेरला."

मला भुईत गडप व्हावं वाटलं. तेवढ्यात टप आवाज आला. पुन्हा टप. घटावर टांगलेल्या गोकर्णीच्या माळेतून थेंब मातीत पडत होते. सकाळी टांगलेली माळ, दुपार झाली तरी गळत होती. आत हात घालून बघितलं तर फुलांच्या मधे चिंध्या ओवल्या होत्या, चांगल्या पाण्यात बुचकळून काढलेल्या.

मी उंबऱ्याकडं वळले. नंदा बाहेर उभी होती.

"नंदा, हे काय?"

ती म्हणाली, "मला आत येता येत न्हाई, अक्का. माळ तर जाती ना आत."

सासूला आधी हसू आलं. हसता हसता तिनं डोळे पुसले. मी मात्र उभीच राह्यले. महिनाभर मी तिच्यासाठी घरात भांडत होते, भाकरी करपवत होते, सासूला बोलत होते. तुला जायचंय का, असं तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. घरात कोणीच विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

सासूनं मातीत बोट घातलं. नुसता चिखल. दाणे फुगून फुटलेले, चिकट झालेले. "बुडवलं आपण तिघींनी देवीला," ती म्हणाली.

"दुसरा गहू टाकू," मी म्हणलं. "भिजवलेला टाकला तर दसऱ्यापर्यंत दिसायपुरतं उगवल. कोणाला कळतंय?"

"तिला कळतंय," सासू म्हणाली, आणि ओल्या पत्रावळीभोवतीचं पाणी फडक्यानं टिपू लागली.

दसऱ्यापर्यंतचा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. नंदा रोजच्यासारखी माळ करून देत होती, आता कोरडी. तिचं ते हसणं बंद झालं होतं. मला वाटायचं, जाऊन वाटूरच्या माणसाला सांगावं की घेऊन जा हिला, घट गेला खड्ड्यात. वाटायचं, कडूबांच्या घरी जाऊन भांडावं. यातलं काहीच केलं न्हाई, नुसतं घरभर फिरले.

दसऱ्याला पुरुष सीमोल्लंघन करून आले, हातात आपट्याची पानं. घटातले कोंब काढून टोपीत खोवायचे असा आमच्याकडं रिवाज. सासरे, माझा नवरा, कडूबा टोप्या सावरत देवघराच्या दाराशी आले. पत्रावळीवर काळा चिखल आणि एका कडेला करडईचे दोन वाकडे कोंब.

कडूबांनी मान हलवली. "झालं मंग. देवीनं सांगितलं."

मी ओठ दातात धरून उभी.

"देवीनं काहीच सांगितलं न्हाई, भावजी," सासू म्हणाली. "आम्ही तिला बोलूच दिलं न्हाई. रोज पाणी ओतलं. मी ओतलं."

"मी बी ओतलं," मी म्हणलं.

"तुला माहीत नव्हतं का, वरून पाणी घालत न्हाईत म्हणून?" कडूबा सासूला म्हणाले.

"माहीत होतं. पोरीनं जावं असं लई वाटत होतं, म्हणून हात राह्यला न्हाई." सासू उठून उभी राह्यली. "मला सोताच्या तोंडानं बोलायचं भ्या वाटलं, म्हणून मी देवीला पुढं केलं. आता देवीबी गप हाय. आपण पोरीलाच विचारू. नंदा, आत ये."

नंदा उंबऱ्यापाशी अडली. "आत ये म्हणते ना," सासू पुन्हा म्हणाली. नंदा आत आली, घटापासून दूर भिंतीला टेकून उभी राह्यली.

"तुला जायचंय का?"

कडूबा म्हणाले, "बाईमाणसाला असं चारचौघांत विचारतात का?"

"मला जायचंय," नंदा म्हणाली. आवाज लहान होता पण सगळ्यांना ऐकू गेला. मंग सासऱ्यांकडं बघून म्हणाली, "मामा, मला जायचंय."

कडूबा सोनं न घेता निघून गेले. वर्षभर आमच्या ओट्यावर आले न्हाईत. सासरे तिथंच उभे राह्यले. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "उद्या वाटूरला जाऊन ये. त्यांना म्हणावं, आमच्याकडून हो."

मला वाटलं होतं, असं झालं की मी नाचेन. पण मला रडूच कोसळलं, कारण आता ही जाणार. नंदा जवळ येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. सासू मात्र रडली न्हाई. ती घटाशेजारी भुईवर बसली आणि तिनं नंदाला हातानं खूण करून जवळ बसवलं.

"माझा साहेबराव तुझ्याशी काय बोलायचा गं?" ती म्हणाली. "माझ्याशी त्यानं भाकर वाढ, पाणी दे, याच्यापल्याड कधी बोलणं केलं न्हाई. मला वाटायचं, हाय अजून वेळ. तो काय बोलायचा ते आता तुझ्यापाशीच हाय. जायच्या आधी तेवढं मला सांगून जा."

नंदानं पदर सावरला आणि आठवून आठवून सांगू लागली.