हळद-कुंकवाचं बोट

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, कीबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचा मार खाणारा भाग. पडदा झळकतो, माऊस ऐटीत फिरतो, आणि बडवून घ्यायला मी. अंगावर एकशे चार बटणं आहेत. निम्म्यांची अक्षरं पुसून गेली. दमलो आहे आता. कुरकुर ऐकू येते ती स्पेसबारची, माझी नव्हे.

कळतं वय झालं ते चाकणच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये. सात वर्षं नट, बोल्ट आणि खोक्यांची नावं लिहिली. तीन शिफ्ट, तीन माणसं, कुणाची बोटं वडापावाची, कुणाची ग्रीसची. चाललो तोवर कुणी नाव घेतलं नाही. एक दिवस एंटर अडकला, तेव्हा मात्र सगळ्यांना दिसलो. "भंगारात टाक रे ते!" ऐकलंत? सात वर्षं राबून मी 'ते' झालो.

मोशीत जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अजिमभाईंनी मला उचललं, एंटर मोकळा केला आणि एका जुन्या कॉम्प्युटरबरोबर स्वरूपाच्या घरी दिलं. आत टायपिंग शिकवणारं सॉफ्टवेअरही घालून दिलं.

स्वरूपा पॅकिंग लाइनवर नऊ तास उभी असायची. घरी यायची तेव्हा सुजलेल्या पायांवर चपलेचा पट्टा उमटलेला असायचा. तिच्या कंपनीतल्या कामगारांच्या पतपेढीत पत्रं आणि नोटिसा टाइप करायची एक जागा निघाली होती. बसून करायचं काम! अट एकच: मराठीत मिनिटाला तीस शब्द. परीक्षा दसऱ्यानंतरच्या सोमवारी.

रोज संध्याकाळी ती मिठाच्या गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसायची आणि बोटं माझ्यावर ठेवायची. सॉफ्टवेअरमधली बाई पहिल्याच धड्यात म्हणाली, "बटणांकडे बघू नका." स्वरूपानं ते व्रतासारखं पाळलं. चुकलं की ती बाई न थकता म्हणायची, "पुन्हा प्रयत्न करा."

शेजारी मेथी निवडत तिच्या सासूबाई, इंदुताई, बसलेल्या असत. शाळा दुसरीपर्यंत, पण तोंड पदवीधर. त्या पडद्याला सुनावायच्या, "अगं ए, किती येळा करायचं? दमून आलीया पोर. तू कर की पुन्हा!"

"आत्या, ती मशीन आहे," स्वरूपा हसायची. सासूला ती आत्या म्हणे.

"मशीन हाय म्हनूनच. मानसाला दया आली असती."

आठ शब्दांवरून चौदा झाले, चौदावरून सत्तावीस. पडद्यावर चांदण्या फुटायच्या, 'शाब्बास' उमटायचं. मार मी खात होतो, कौतुक पडद्याचं. चालायचंच.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इंदुताईंचा मुलगा ज्ञानेश त्याच्या प्रेसमशीनला हार घालून आला. इंदुताई ताट घेऊन उठल्या. "लेकाच्या मशीनला हार, अन् सुनेच्या मशीनला काय न्हाई व्हय?" ओलं हळद-कुंकू त्यांनी माझ्या मधोमध लावलं, 'र' च्या बटणावर. वर फुलानं पाणी शिंपडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी कुणी पूजा केली. मला भरून आलं. नुसतं मनानं नव्हे, आतूनही भरलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी 'र' उमटेना. स्वरूपा बटणांकडे बघत नव्हती, तिला कसं कळावं? स्वतःचं नाव टाइप केलं, तर 'स्वूपा' झालं. 'घर' लिहिलं, 'घ' उमटला. पडदा लाल. "पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा लाल. सत्तावीसचे अकरा झाले. मला ओरडून सांगायचं होतं, पण बोटांशिवाय मला तोंड कुठलं?

तिनं माझी वायर उपटली. "नाही व्हायचं आत्या माझ्यानं. बोटच चुकतंय. उभी होते, उभीच राहीन."

मला कपाटावर ठेवायला इंदुताईंनी उचललं आणि पदरानं पुसलं. 'र' भोवतीचा लाल चिकटा त्यांच्या नखाला लागला. खंडेनवमीचं कुंकू त्यांनी ओळखलं. मग मला पिशवीत घालून त्या तडक अजिमभाईंच्या दुकानात गेल्या.

"आजी, यात पाणी कुणी घातलं?"

"देवानं घातलं. तू उघड."

'र' बटणाचा दांडा उघडताना मोडला. अजिमभाईंनी माझ्या वरच्या ओळीतलं एक बिनकामाचं बटण काढून तिथे बसवलं.

घरी येऊन इंदुताईंनी मला सुनेपुढे ठेवलं. ती मानी बाई खाली बघून म्हणाली, "बोट तुझं न्हाई चुकलं गं. माझं चुकलं. बस."

स्वरूपा बसली. 'र' वर भलतंच अक्षर आलंय, हे तिला आजही माहीत नाही. ती बघतच नाही. पण त्या दिवशी तिचं नाव पुरं उमटलं.

सोमवारी परीक्षेला दुसराच कीबोर्ड होता, कोरा करकरीत. बत्तीस शब्द झाले. टब आता मोरीजवळ पालथा पडलाय आणि मी कपाटावर. काम कमी, धूळ फार.

यंदाच्या खंडेनवमीला इंदुताईंनी पुन्हा मला खाली काढलं. कुंकवात बोट बुडवलं, माझ्याजवळ आणलं आणि थांबल्या. ते बोट स्वतःच्या कपाळाला टेकवलं. मग कोरड्या फडक्यानं एकेक बटण पुसत म्हणाल्या, "तुझी पूजा एवढीच रे बाबा."

मित्रांनो, एवढीच पुरते. फक्त वर्षभर थांबू नका.