थांबल्यावर धरायचं की सोडायचं

माझ्या नणंदेचा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यात कामातून गेला आणि आमच्या घरात मोटर शिरली.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट एडविनच्या बोलिंग क्लबात दर शुक्रवारी संध्याकाळी आकड्यांचं चाक फिरतं. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं लाकडी चाक, कडेला साठ आकडे, प्रत्येक आकड्यामागे एक खिळा आणि वर चामड्याची पट्टी. चाक मंदावलं की पट्टी खिळ्याखिळ्यावर टकटक करते, आणि ज्या आकड्यावर ती अडते त्याचं तिकीट घेतलेल्याला खाटकाकडची मटणाची परात मिळते. हे चाक वाल्डा, म्हणजे माझी नणंद, फिरवायची. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हाही तीच फिरवत होती. तिचा नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडायची ती फक्त चर्चसाठी आणि चाकासाठी, आणि चर्चमध्ये तिला झोप लागते.

खांदा गेल्यावर तिने डावा हात लावून पाहिला. चाक अर्ध्यात थांबलं. लोक प्रेमाने हसले, पण हसले. क्लबची अध्यक्ष बेरिल पास्को हिने सुचवलं की आता दुसरं कुणी फिरवू दे, वाल्डाने खुर्चीवर बसून मजा बघावी. वाल्डा म्हणाली, बघायला माझ्याकडे टीव्ही आहे. त्यानंतर दोन शुक्रवार ती आलीच नाही. तिसऱ्या शुक्रवारी केल्विन, म्हणजे माझा नवरा, तिच्या घरी गेला. दुपार उलटून गेली तरी ती गाऊनमध्येच बसलेली होती. तो परत आला तो थेट शेडमध्ये गेला.

केल्विन निवृत्त झाल्यापासून शेडमध्येच राहतो. जेवायला तेवढा घरात येतो. त्याने ठरवलं की चाकामागे मोटर बसवायची आणि वाल्डाच्या हातात बटण द्यायचं. सर्वो मोटर. नेहमीची सर्वो अर्ध्या वर्तुळात मान वळवते आणि सांगितलेल्या जागी थांबते. केल्विनला हवी होती ती सतत गोल फिरणारी. हिला जागा कळत नाही, नुसता वेग कळतो. जोरात सांगितलं तर जोरात, हळू सांगितलं तर हळू, मधला इशारा दिला की थांब. हे सगळं मला जेवताना ऐकावं लागलं, म्हणून तुम्हालाही ऐकवते.

ॲडलेडच्या दुकानातून आणलेली पहिली मोटर खेळण्यातल्या गाडीसाठी ठीक होती. चाकाने तिच्या आतले दाते खाऊन टाकले. दुसरी जरा दणकट होती, पण तिला उन्हाचा त्रास. सकाळी शेडमध्ये ती बरोबर थांबायची, दुपारी पत्रा तापला की तिचा थांबण्याचा इशारा थोडा सरकायचा. चाक बारावर थांबलेलं दिसायचं, आम्ही चहा प्यायचो, आणि तेवढ्यात ते गुपचूप तेरावर जाऊन बसलेलं असायचं. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, हॉलमध्ये लोणी वितळतं. तिथे बाराचा माणूस परात उचलायला निघाल्यावर चाक तेरावर गेलं असतं, तर गावात मारामारी झाली असती.

तेव्हा केल्विनने चीनमधल्या एका छोट्या कारखान्याकडून हवी तशी मोटर बनवून घ्यायचं ठरवलं. तिथली एमी नावाची मुलगी अगदी शिंप्याने माप घ्यावं तसे प्रश्न विचारायची. चाकाचं वजन किती, वेग किती, दाते पितळेचे की पोलादाचे, ऊन किती. केल्विनने मोजून मापून उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न होता, थांबल्यावर चाक धरून ठेवायचं की मोकळं सोडायचं. केल्विनने क्षणभरही विचार केला नाही. "धरून, घट्ट," त्याने लिहिलं. त्या सरकणाऱ्या मोटरने त्याला फार छळलं होतं.

मोटर आली, बसली आणि चालली. वाल्डा केस सेट करून क्लबात आली. बटण दाबून धरलं की चाक फिरायचं, बोट उचललं की जागच्या जागी उभं. टकटक मंदावत जायची ती मजा गेली, हे मला जाणवलं, पण वाल्डा पुन्हा माईकवरून लोकांच्या खोड्या काढत होती आणि लोक खूश होते. केल्विन तर टेबलाटेबलावर जाऊन सांगत होता. "बोट उचललं तिथे चाक उभं. एक आकडासुद्धा इकडचा तिकडे नाही. बेरिल, तू स्वतः करून बघ." बेरिलने खरंच करून पाहिलं. मान डोलावली आणि शेरीचा घोट घेतला.

नाताळाच्या आधीच्या शुक्रवारी मोठं बक्षीस असतं, डुकराची अख्खी मांडी आणि खाऊची टोपली. त्या दिवशी वाल्डाच्या गाडीतून टीगन आली. टीगन समुद्राकाठच्या कॅराव्हान पार्कात, चाकांवरच्या घरात राहते. दोन लहान पोरं, धान्याच्या गोदामावरचं हंगामी काम संपलेलं, आणि नवरा पश्चिमेकडच्या खाणीत गेला तो गेलाच. ती कुणाकडे काही मागत नाही. मी एकदा जुने कपडे देऊ केले तर तिने मला चहा पाजला आणि कपडे परत दिले.

वाल्डाने बटण दाबलं. चाक फिरलं, थांबलं. एकतीस. टीगनने आपल्या हातातलं तिकीट दोनदा पाहिलं. मग ती उभी राहिली. "मी आयुष्यात कधी काही जिंकले नव्हते," एवढंच ती म्हणाली. पोरांनी ती मांडी मधे धरून फोटो काढून घेतला. मला भरून आलं, लपवत नाही.

सुट्ट्या संपायच्या आधीच कुजबुज सुरू झाली. वाल्डाच्या गाडीतून आलेली बाई, वाल्डाच्या हातात बटण. जानेवारीत हिरवळीवर बोलिंगचा खेळ चालू असताना बेरिल सगळ्यांदेखत, पण अगदी सभ्यपणे केल्विनला म्हणाली, "तूच म्हणालास ना, एक आकडासुद्धा इकडचा तिकडे नाही म्हणून?"

केल्विनचं डोकं फिरलं. त्याने बेरिलला जे ऐकवलं ते मी इथे सांगणार नाही. क्लबचा राजीनामा दिला, मोटर काढून घरी आणली. सोडत आता बादलीतून चिठ्ठ्या काढून व्हायला लागली. घरी तो भिंतींशी भांडत होता. माझ्या बहिणीने कधी बसचं तिकीट चुकवलं नाही, आणि ही बाई तिला चोर ठरवते. बेरिलने माफी मागेपर्यंत या गावात कुणाशी बोलणार नाही, असं त्याने जाहीर केलं. गावाला फारसा फरक पडला नाही, पण मला पडला, कारण मग तो माझ्याशीच बोलत राहिला.

रविवारी वाल्डा जेवायला आली. मी पेस्ट्या, म्हणजे मटण-बटाट्याच्या भाजलेल्या करंज्या, केल्या होत्या. केल्विनची टकळी पुन्हा सुरू झाली. वाल्डा बराच वेळ पेस्टीची कड तोडत बसली.

"केल, बेरिलला सोड आता," ती म्हणाली. "थांबवलं मी."

केल्विनला आधी कळलंच नाही. काय थांबवलं, असं त्याने विचारलं.

"चाक. एकतीसवर. तिकीट तिने गाडीतच दाखवलं होतं. इतकी वर्षं हाताने फिरवलं, चाक कुठे थांबेल ते मलाही माहीत नसायचं. तू ते बटण दिलंस, आणि ती पोर समोर बसली होती."

मी केल्विनकडे पाहिलं. मला वाटलं आता हा ओरडेल. त्याने काटा खाली ठेवला.

"किती आकडे आधी बोट उचललंस?"

"एक आकडा. तुझी मोटर जराशी पुढे जाते."

"पुढे जात नाही," तो दुखावून म्हणाला. मग उठून शेडमध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. वाल्डाने मला भांडी घासायला मदत केली, एका हाताने. ती रडली नाही. तिला लाज वाटत होती, पण पस्तावा होत नव्हता, आणि याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. असं तिनेच मला सांगितलं.

केल्विनने एमीला दुसऱ्या मोटरची मागणी दिली. सगळी मापं तीच, फक्त शेवटचं उत्तर बदललं, मोकळं सोडायचं. ही मोटर चाकाला जोर देते आणि मग हात काढून घेते. पुढे चाक आपल्या मनाने फिरतं, मंदावतं, खिळ्याखिळ्यावर टकटकतं आणि जिथे थांबायचं तिथे थांबतं. बोट केव्हाही उचला. केल्विनने राजीनामा परत घेतला आणि समितीसमोर ती लावून दाखवली. समितीतल्या प्रत्येकाने बटण दाबून पाहिलं, हवा तो आकडा आणायचा प्रयत्न करून पाहिला, कुणालाच जमलं नाही. बेरिलने सर्वांत जास्त वेळा दाबलं. शेवटी तिने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

लोक अजब असतात. नवी मोटर प्रामाणिक आहे म्हटल्यावर जुनीही प्रामाणिकच असणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. केल्विन गप्प बसला. इतक्या वर्षांत मी त्याला मोटरबद्दल गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी आम्ही तिघं गाडीतून निघालो. वाटेत वाल्डा म्हणाली, "मी आज सांगून टाकणार आहे. माईकवरून. मग चाक बेरिलला फिरवू दे."

"गरज काय आहे?" केल्विन म्हणाला.

"तुला नसेल. मला आहे."

हॉल भरलेला होता. वाल्डा माईकपाशी उभी राहिली, घसा साफ केला. तिने तोंड उघडायच्या आत बेरिल पुढे आली, हातात केक घेऊन. पॅशनफ्रूटचा, तीन थरांचा. बेरिल कुणासाठी केक करत नाही, तिच्या सुनेलाही विचारा.

"मी तुझ्याबद्दल वाईट बोलले," बेरिल म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. तुझी आणि टीगनची."

मग लोकांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा वाल्डानेही पाहिलं. टीगन खिडकीजवळच्या टेबलावर पोरांना घेऊन बसली होती. पुढच्या हंगामापासून तिला गोदामावर कायमचं काम मिळालं होतं आणि त्या नाताळापासूनच नशीब फिरलं असं ती आल्यापासून ज्याला त्याला सांगत होती. बेरिलने नाव घेतलं तशी ती लाजली आणि हात हलवून म्हणाली, जाऊ द्या हो. तिचा मोठा पोरगा शेजारच्या पोराला सांगत होता की आमच्या आईने अख्खी मांडी जिंकली होती.

वाल्डाच्या हातातला माईक चालू होता. तिचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता. मी केल्विनचं मनगट धरलं. वाल्डा टीगनकडे बघत राहिली, मग पोरांकडे, मग केककडे. तिने माईक बंद केला आणि टेबलावर ठेवला.

बेरिलने सुरी आणली आणि जाड तुकडा कापून तिला दिला. वाल्डाने तो उभ्या उभ्या, डाव्या हाताने खाल्ला. केक छान झालाय, असं ती म्हणाली. बेरिलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने लगेच आणखी एक तुकडा वाल्डाच्या बशीत वाढला. वाल्डाने तोही खाल्ला.