न धुतलेली साल

त्या मंगळवारी हासिंतो कानुल होडीत बसून अननस कापत होते. खाली तीन पुरुष खोल पाण्यात त्यांची मुलगी नेरेइदा एका आजारी प्रवाळावर प्लास्टिकची पिशवी चढवत होती. पिशवी वर तरंगू नये म्हणून तिच्या कडेला पापांनी आपल्या जुन्या जाळ्याची शिसं ओवून दिली होती. नेरेइदाने पाण्याबाहेर तोंड काढताच त्यांनी विचारलं, "घातलास का म्हातारीला रेनकोट?"

घातला, दोन तास राहू दे आता, असं म्हणून ती वर चढली.

पिशवीत तिने जिवाणू सोडले होते. दोन वर्षांपूर्वी पांढरा रोग आला आणि मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे प्रवाळ काही आठवड्यांत हाडासारखे उघडे पडले. मेलेल्यांच्या मधोमध एकच धडधाकट उरला. तो दाखवला पापांनी. योगायोग आहे, असं नेरेइदा म्हणाली, तरी तुकडा घेऊन गेली. प्रयोगशाळेत तो शिस्तीने तीनदा धुतला. हाती काही लागलं नाही.

हे तिने घरी सांगितलं तेव्हा पापा तेपाचेसाठी, म्हणजे सालींच्या आंबवलेल्या पेयासाठी, अननसाच्या साली माठात घालत होते.

"साल घासून धुतलीस तर आंबणार काय, कपाळ? काम करणारं सगळं वरच बसलेलं असतं."

अननस वेगळा, प्रवाळ वेगळा, असं ती म्हणाली. जरा तुटकच.

पण पुढचा तुकडा तिने धुतला नाही. त्यावरच्या बुळबुळीत थरातच ते जिवाणू होते. ते असले की रोगाचे जिवाणू शेजारी मूळ धरत नसत. हे तिने संस्थेत सांगितलं, परिषदेत दोनशे लोकांपुढे सांगितलं. पापांना सांगितलं ते एवढंच, की सापडलं.

आता होडीत पापांनी मीठ-मिरची लावलेली फोड तिच्यापुढे केली. "काय गं डॉक्टरीणबाई, तो दुसरा तुकडा धुतला होतास की नव्हता? तेवढं तरी सांग या अडाण्याला."

"आधी गुण येऊ दे, पापा. मग सांगते."

ते हसले आणि सुरी नेहमीसारखी पँटीलाच पुसून बाकाच्या फटीत खोचली. पिशवी काढून दोघं दुपारी परतले. संध्याकाळी त्यांनी साली माठात घातल्या. बुधवारी सकाळी ते झोपायच्या झुल्यातून उठलेच नाहीत.

त्यांच्यामागे नऊ दिवस प्रार्थना चालल्या. तिसऱ्या दिवशी माठ आंबला, तेव्हा नेरेइदाने तेपाचे गाळून आलेल्यांना पेले भरून दिले. यंदा छान जमलंय, असं सगळे म्हणाले.

पाच आठवड्यांनी ती होडी घेऊन एकटीच गेली आणि बुडी मारली. पिशवी घालताना तिने रोगाच्या पांढऱ्या रेघेच्या कडेला खिळा ठोकला होता. रेघ खिळ्यापाशीच होती. पिशवी न घातलेल्या शेजारच्या प्रवाळावर मात्र ती वीतभर पुढे सरकली होती. एका प्रवाळावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने दुसरी बुडी मारून पुन्हा पाहिलं.

मग होडीत चढून ती बाकासमोर बसली. सुरी अजून फटीतच होती.

"नव्हता धुतला, पापा," ती म्हणाली. "तुमचं ऐकलं होतं मी."