बोटीतली अकरा मिनिटं

माझा धंदा चष्म्यांचा. फ्रेमच्या मापाने काचेच्या कडा घासायच्या आणि काचेचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर आणून बसवायचा. एखादा मिलिमीटर चुकला की गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं आणि मग ते आपलं डोकं खातं. असल्या काटेकोर माणसाला कॉम्प्युटरवर ड्रॅगन मारायचं खूळ कसं लागलं, असं माझी बहीण विचारते. मला ड्रॅगनशी काहीही देणंघेणं नाही.

दर रविवारी चार ते पाच मी आणि माझी लेक त्या खेळात भेटतो. ती पंधरा वर्षांची आहे. आम्ही नवरा-बायको वेगळे झालो तेव्हा नऊची होती, तेव्हापासून आईबरोबर दुसऱ्या शहरात राहते. फोनवर आमचं बोलणं ‘जेवलीस का’ला सुरू होतं आणि ‘हो’ला संपतं. खेळात तिचं नाव मुंगी, माझं काचवाला.

खेळातल्या बंदरापासून ड्रॅगनच्या किल्ल्यापर्यंत समुद्र आहे आणि तो ओलांडायला एक बोट होती. प्रवास अकरा मिनिटांचा. बोटीत तलवार चालत नसे, जादू चालत नसे, करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. आम्ही डेकवरच्या एका पिंपाशेजारी बसायचो आणि एकमेकांना लिहायचो. मुलांना समोर बसवून विचारलं की ती मुकी होतात, शेजारी बसलं की आपणहून बोलतात. ती गणितात नापास झाल्याचं मला त्या पिंपाशेजारी कळलं. आई नळ सोडून बाथरूममध्ये रडते, हेही तिथेच कळलं.

नव्या लोकांचा मात्र या बोटीवर भारी राग. गेल्या वर्षापासून खेळात त्यांची नुसती झुंबड उडाली आहे. पहिला घोडा मिळावा म्हणून आम्ही चार महिने गवत कापलं. हे पहिल्याच दिवशी उडत्या डुकरावर बसून येतात आणि ओळख ना पाळख, थेट ‘शॉर्टकट कुठाय’ म्हणून विचारतात. लेकीच्या वर्गातली दोघं अशीच आमच्यात घुसली, एक बटाटा आणि एक गुलाबी अस्वल. तशी वाईट नाहीत. बटाट्याने एकदा माझा जीव वाचवला आणि वर ‘काका, जरा चालायला जात जा’ असा सल्लाही दिला. बोटीत चढली की दोघंही कंटाळून आपापल्या घरी खुर्चीवरून उठून जायची, त्यामुळे पिंप आमचंच राहिलं होतं.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी बोट धक्क्याला लागत आली असताना तिने लिहिलं, "बाबा, तुला एक सांगायचंय. आईला कळता कामा नये."

मी लिहिलं, "सांग."

तेवढ्यात बोट लागली आणि बटाटा हजर झाला. "पुढच्या रविवारी बोटीत सांगते," तिने लिहिलं आणि उडी मारून उतरली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. दोन चष्मे चुकीचे घासले. फोन करावा तर शेजारी तिची आई असणार, न करावा तर मनात नाही नाही ते येत होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. रविवारपर्यंत थांबायचं, असं मी स्वतःला बजावत राहिलो.

गुरुवारी खेळात बदल झाले. बंदरावर जादूचं दार बसवलं होतं, पाऊल टाकलं की थेट किल्ला. बोट बंद. खाली कंपनीने लिहिलं होतं, ‘तुमचा सर्वाधिक वेळ बोटीत जातो, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. आम्ही ऐकलं.’

सहा महिन्यांपूर्वी आम्हा जुन्या खेळाडूंना एक प्रश्नावली आली होती. खेळात सर्वाधिक वेळ कुठे घालवता? मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, बोटीत. का, ते त्यांनी विचारलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तक्रारीचं लांबलचक पत्र पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं की माझं मत त्यांच्यासाठी अमूल्य आहे.

रविवारी मी पाऊण तास आधीच बंदरावर जाऊन उभा राहिलो. चारला ती आली, बरोबर ती दोघंही होती.

"भारी आहे ना बाबा दार?"

"थोडा वेळ इथेच बसू या का?"

"इथे? इथे काय करायचं?"

"काका घाबरले," बटाट्याने लिहिलं आणि तिघं दारातून गेली. मीही गेलो. ड्रॅगन वीस मिनिटांत मेला.

"वेळ उरला," तिने लिहिलं. "आम्ही आता उत्तरेच्या किल्ल्यावर जातोय. तुला तिथे नाही झेपणार."

मी फक्त तिलाच दिसेल असं लिहिलं, "ते सांगायचं होतं ना तुला? सांग की."

तिच्या नावाखाली तीन ठिपके हलू लागले. थांबले. पुन्हा हलू लागले. मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"काही नाही रे. जाऊ दे," असं आलं. मुंगी दारातून निघून गेली.

मला राहवलं नाही. मी फोन लावला. तिने उचलला, मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तिची आई तिथेच होती.

"जेवलीस का?" मी विचारलं. साडेचार वाजले होते.

"हो," ती म्हणाली.