अकरा वेढे आणि एक पिस्टन

आत्यानं त्या दिवशी फक्त खुर्चीत बसायचं, असं भाचीनं बजावून ठेवलं होतं. "तू नुसती ये, माझं नवं गॅरेज डोळे भरून बघ आणि कशालाही हात लावू नकोस." बत्तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढून आत्या निवृत्त झाली होती. तेव्हापासून सगळं घर तिला लोणच्याच्या बरणीसारखं जपत होतं आणि आत्या आतल्या आत आंबत चालली होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आल्या पोहायला शिकवणाऱ्या मॅडम. गळ्यात शिट्टी, पायात चपला, आणि गाडीचे मागचे ब्रेक असे किंचाळत होते की कानांत बोटं घालावीत. "चार वाजता माझ्या मुलींची शर्यत आहे. होईल ना?"

"होईल की!" भाची म्हणाली.

तिनं चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर सोडवला, झिजून पापड झालेले पॅड बाहेर काढले. नवे पॅड जाड होते. ते बसायचे तर पॅड दाबून धरणारा, बाहेर आलेला पिस्टन आत सारायला हवा. तिनं क्लॅम्प लावून पिळला. पिस्टन ढिम्म. ती लालबुंद झाली, तरी पिस्टन जागचा हलेना.

आत्यानं खुर्ची थोडी पुढे ओढली. मग अजून थोडी.

"अगं, त्याच्या तोंडावर दोन खाचा दिसतायत. खाचा कुणी शोभेला पाडत नाही. हा ढकलायचा नाही, फिरवायचा!"

भाचीनं कपाळावर हात मारला. मागच्या चाकाचा पिस्टन, हॅन्डब्रेक त्यालाच जोडलेला; तो स्क्रूसारखा फिरतच आत जातो. पहिल्या दिवसाच्या घाईत तिच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. त्यासाठीच घेतलेली कोरी पेटी तिनं उघडली. आत दांडा आणि दहा-बारा चकत्या, प्रत्येकीला दोन खुंट्या. एकेक लावून पाहिली. एकही खाचांत बसेना.

"जेमतेम दोन मिलिमीटरनं हुकतंय," भाची रडवेली झाली.

आत्यानं पर्स उघडली. चष्मा, रुमाल, आणि रुमालात गुंडाळलेला, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर.

"तू हे पर्समध्ये घेऊन फिरतेस?"

"बायका लिपस्टिक नेतात ना?" म्हणत आत्या जमिनीवर बसलीसुद्धा.

तिनं खाचांमधलं अंतर मोजलं, एका जादा चकतीवर खुणा केल्या, ड्रिलनं दोन भोकं पाडली. जुन्या बोल्टचे दोन तुकडे कापून त्यांत ठोकून बसवले, कानशीनं घासले. बोटांत अशी लहर आली होती की तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

चकती खाचांत बसली. टक्!

भाचीनं हॅन्डब्रेक पूर्ण सुटल्याची खात्री केली, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल केलं. आत्यानं दांडा दाबून फिरवला. पिस्टन केसभर हलला.

"हलला!" भाची ओरडली.

"हलला!" मॅडम ओरडल्या, आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जोरात शिट्टी फुंकली.

मग काय विचारता! एका वेढ्याला एक शिट्टी. "दोन! तीन! खांदे सैल, श्वास सोडा!" मॅडमच्या अंगात तलावच संचारला. अकराव्या वेढ्याला पिस्टन पुरता आत गेला आणि तिघी हसून हसून गाडीला टेकल्या. दुसऱ्या चाकाच्या वेळी मॅडम दांडा कुणाला देईचनात. शिट्टी तोंडात, दांडा हातात, डोळ्यांत हसण्याचं पाणी.

पॅड बसले, चाकं चढली. भाचीनं ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबलं, ते घट्ट होईपर्यंत.

"चाचणी मी घेणार," आत्या म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत बसली.

रिकाम्या गल्लीत ती हळूच निघाली, ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, हूं की चूं न करता. आत्या खिदळली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. सातव्यांदा थांबली तेव्हा मॅडम गाडीमागून धावत होत्या. "अहो, माझी गाडी द्या हो! शर्यत आहे!"

त्या गेल्यावर भाची आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "उद्या येशील?"

"किती वाजता?"

"नऊ."

"साडेआठला येते," आत्या म्हणाली. "आणि ती खुर्ची बाहेर काढ. पायात येते."