सासूबाईंचा किटफो

मांजर पायांत घोटाळू लागले तसे त्सिगेने पाय आखडून घेतले. लाकडी ठोकळ्यावर गोमांस बारीक चिरता चिरता सासूबाई झेनेबेच हसल्या.

"उंदीर आहेस का गं तू, मांजराला भ्यायला?"

त्सिगे कसनुशी हसली. गेल्या खेपेला सहाव्या महिन्यात पोर हातचे गेले होते. आता पुन्हा दिवस गेले होते. बुताजिरा गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त तपासून बजावले होते: मांजराच्या विष्ठेतले जंतू मातीत उतरतात, चाऱ्यातून गुरांच्या मांसात जातात. तुला ती लागण अजून झालेली नाही. आता झाली तर बाळाच्या जिवावर बेतेल. मांजराची घाण काढू नकोस, कच्चे मांस तोंडात घालू नकोस. हे तिने सासूबाईंना एकदाच, चाचरत सांगितले होते. त्यांनी नुसते "हं" म्हणून चूल फुंकली होती.

आणि आज मेस्केलचा सण. कोमट तुपात कालवलेला सासूबाईंचा कच्च्या मांसाचा किटफो खायला सगळी भावकी यायची. भरल्या घरात पहिला घास त्या स्वतःच्या हाताने सुनेला भरवत. तो नाकारणे म्हणजे चारचौघांत त्यांच्या तोंडात मारणे.

दुपारी माणसे दाटीवाटीने बसली. सासूबाई कोपरापर्यंत हात धुऊन आल्या, पानाने झाकलेले मडके त्यांनी मधोमध ठेवले आणि घास उचलला.

"आ कर, पोरी."

त्सिगेचा हात पोटावर गेला.

"नको, आई."

सासूबाईंनी हात मागे घेतला नाही.

"आधी बघ तरी."

घास तपकिरी होता, आतपर्यंत शिजलेला. त्सिगेने मडक्यात डोकावले. सगळेच मांस तसे होते.

सासूबाईंचे चुलत दीर वोल्दे यांनी शिंगाचा चमचा तोंडात घातला आणि तोंड वाकडे केले.

"वहिनी, हा किटफो की कोळसा? डोळा लागला होता की काय चुलीपाशी?"

"लागला खरा, भावजी. वय झालं."

हशा पिकला. कोणी म्हणाले, पुढच्या वर्षी जेवण शेजारणीकडे. सासूबाईंनी सगळे मुकाट ऐकून घेतले. सुनेपुरते वाटीभर शिजवता आले असते. पण मग का, कशासाठी असे विचारत घरभर गेल्या वर्षीचे दुःख चघळले गेले असते. त्सिगेला भरून आले. या बाईला आपण भीत होतो, याची तिला लाज वाटली.

तिने घास खाल्ला. मग स्वतः एक घास करून सासूबाईंना भरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "असा किटफो मी जन्मात खाल्ला नाही."

सासूबाई बराच वेळ चावत राहिल्या. मग तिच्या कानाशी वाकल्या.

"अगदीच वाईट झालाय गं. तुझ्या पोरानं माझं नाव घालवलं. येऊ दे त्याला बाहेर, मग बघते."