माझ्याच अंड्यातला लाल्या

मित्रांनो, मी एक म्हातारी, ठिपकेदार पिसांची कोंबडी आहे. अंडी घालणे मी केव्हाच सोडले. अकोटच्या पिंजाऱ्यांच्या गल्लीत, कुलसुमबीच्या अंगणात माझा जन्म गेला. आज माझ्याच एका लेकराची हकीकत सांगते. आया लेकरांचे कौतुक सांगतात; मला मात्र त्याची आठवण झाली तरी शिसारी येते.

कुलसुमबीच्या घरात तिचा मुलगा ताहेर, सून गुलनार आणि एक रांगती नात. ताहेर पूर्वी गाद्या-रजयांसाठी कापूस पिंजत असे. मग दूर अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. ताहेर पिंजणे सोडून व्यापाऱ्यांचा दलाल झाला. अंगणात कापसाचे ढीग लागले. उकिरडा उकरावा तर चोचीत तंतूच यायचे. माझी एक बहीण ते गिळून गिळून गळा सुजून मेली. दोन दिवस ती तिथेच पडून होती. लोक तिच्या अंगावरून गाठोडी वाहत होते.

त्या वर्षीच्या माझ्या पिल्लांतून दोन तरणे कोंबडे वाढले. एक लालभडक, तुरा पळसाच्या फुलासारखा. दुसरा मातकट, तुरा एका बाजूला कललेला. लाल्याला दाणा दिसला की तो आमच्याकडे पाठ करून भराभर गिळायचा. मातकटाला एक वाळवी सापडली तरी तो कुटकुट करून आम्हा सगळ्यांना बोलवायचा. घारीची सावली फिरली की आम्ही गाडीखाली शिरेपर्यंत उघड्यावर उभा राहायचा.

दर वर्षी कुलसुमबी एकच कोंबडा ठेवी. बाकीचे आठवडी बाजारात जात.

"हा मातकट ठेवू," ती म्हणाली. "थो लाल्या बाजारात ने."

ताहेर हसला. "अम्मी, आता आपल्या घरी शेठ लोक येतात. असा मरतुकडा दारात बरा दिसन का? लाल्याले मी झुंजीत उतरवतो."

"अरे, कोंबड्यायले कोन पायजे, थे तर पाह्य!"

"कोंबड्यायले इचारून कोनी कोंबडा ठेवते काय?"

त्याच संध्याकाळी शेठ जेवायला आले आणि मातकट हंडीत गेला. पाहुण्यांनी चघळलेली हाडे अंगणात भिरकावली. सगळ्यांत आधी लाल्या धावला. आम्हाला ढकलून त्याने आपल्या भावाचे हाड पायाखाली धरले आणि त्यातला मगज टोचून टोचून खाल्ला. मी ते पाहिले, मित्रांनो. त्या चोचीवर उरलेला तो चिकट थेंब मला अजून दिसतो.

मग लाल्याचे राज्य सुरू झाले. आमच्या पाठींवर त्याने एक पीस ठेवले नाही. उघड्या कातडीवर जखमा झाल्या, जखमांवर माश्या बसू लागल्या. त्याला मात्र बदाम मिळत. झुंजीहून तो दुसऱ्याचे रक्त चोचीला माखून परत येई. ताहेर चारचौघांसमोर त्याच चोचीचा मुका घेई. शेठ वाहवा करीत. मी तोंड फिरवून घेई.

एका दुपारी मुंगूस आले. खुराड्याकडे सगळ्यांच्या आधी धावला तो लाल्या. दारातच अडकला आणि त्याने आमची वाट बंद केली. माझी पिल्ले बाहेर राहिली. मुंगसाने त्यांतले एकही सोडले नाही.

"जातिवंत जनावर आहे," ताहेर म्हणाला. "आपला जीव वाचवनारच."

गुलनार अंगणात सांडलेली पिसे झाडून काढत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताहेरची पोर भाकरीचा तुकडा घेऊन अंगणात रांगत आली. लाल्याने तिच्यावर झडप घातली. डोळ्याखाली गाल फाटला. पोर किंचाळत होती आणि हा तिच्या रक्ताने भिजलेली भाकरी मटामटा खात होता. मीच याला पंखाखाली ऊब दिली होती. त्या क्षणी मला माझ्या पंखांचीही किळस आली.

गुलनार धावत आली. पोर तिने सासूच्या मांडीवर दिली. ओढणी टाकून लाल्याला पकडले, गल्लीच्या टोकाला खाटकाकडे नेले, कापून आणला आणि हंडी चढवली.

संध्याकाळी ताहेर शेठ लोकांना घेऊन आला. "लाल्या कुठी आहे?"

"चुलीवर," गुलनार म्हणाली.

ताहेरने हात उगारला. तेव्हा कुलसुमबी मधे आली. तिच्या कडेवर गालाला हळदीचा लेप लावलेली नात होती.

"हात खाली कर. आधी पोरीचं तोंड पाह्य. एक नासका कोंबडा म्या अंगनात वागवला. दुसरा घरात नाई वागवत!"

ताहेरने पोरीकडे पाहिले. हात खाली आला. शेठ लोकांनी मुकाट्याने जोडे घातले आणि निघून गेले. ती हंडी कुणी खाल्ली नाही. कुलसुमबीने दूर नाल्यावर नेऊन खड्ड्यात पुरली. आमच्यापुढे टाकली नाही, हे तिचे उपकार.

पुढच्या आठवड्यात गुलनार कोंबडा आणायला निघाली. ती घरोघर गेली, पण एकाही कोंबड्याकडे पाहीना, कोंबड्याच उचलून पाही. शेजारच्या पार्बताबाईला नवल वाटले.

"काहून वं, तुले कोंबडा पायजे, मंग कोंबड्या काहून चाचपून राह्यली?"

"कोंबडा कसा हाय, थे कोंबडीच्या पाठीवर दिसते, काकू."

पार्बताबाईच्या कोंबड्यांच्या पाठी पिसांनी भरलेल्या होत्या. तिथला एक तरणा कोंबडा गुलनारने आणला. तो थोडा लंगडतो, बांगही चिरकी देतो. पण दाणा दिसला की आधी आम्हाला हाक मारतो. लहान कोंबड्यांना नवी पिसे आली. मला या वयात येणार नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, तुमच्याही अंगणात कोंबडा निवडायची वेळ येईल. त्याचा तुरा मागाहून पाहा. आधी आम्हाला उचला, फुंकर घालून पिसे बाजूला करा आणि आमची पाठ बघा. तेवढे केलेत तरी पुष्कळ झाले.